हौसरावांचा स्टे

आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही स्टे म्हणजे काय ते माहीत आहे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर, जिथून नवा रस्ता न्यायचा ठरला होता, नेमकी तिथंच आमची घरं. रस्तेवाल्या खात्याची माणसं आली, भिंतींवर लाल फुल्या मारल्या, नोटिसा वाटल्या, आणि सगळी वस्ती डोक्याला हात लावून बसली. तेवढ्यात वरच्या अंगाला ज्यांचं उसाचं रान आहे त्या हौसराव आप्पांनी शिरूरच्या कोर्टातून स्टे आणला. त्यांची विहीर रस्त्यात जात होती. विहिरीपाशी काम अडलं ते पुढंही अडलं, आणि कंत्राटदार मशिनं घेऊन पाटसकडं निघून गेला. दोन पावसाळे झाले, लाल फुल्या फिक्या पडल्या आणि आमची घरं जागच्या जागी राहिली.

तेव्हापासून आमच्या घरधन्याचं एकच म्हणणं. स्टे कुणीही आणो, सावली सगळ्यांना. त्या स्टेची झेरॉक्स यांनी लॅमिनेट करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवली. मी म्हणायचे, "अहो, कागद त्यांचा आन् खिळा आपला, हे कसं?" तर म्हणायचे, "तुला कोर्टातलं काय कळतंय, दौंडकरीण?" मी दौंडची. वडील रेल्वेत होते, गाड्यांच्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला आणि तोंडही. या वस्तीत मी भांडले नाही असं घर नाही. पण नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलेलं नाही. भांडतानासुद्धा 'अहो' म्हणूनच भांडते. सासूबाई, सोजरबाई, होत्या तोवर घराची ती शिस्त होती. त्या गेल्या तरी जीभ वळत नाही.

आमची एकुलती एक रश्मी अमेरिकेत शिकते, शिष्यवृत्तीवर. नदीचं घाण पाणी शुद्ध कसं करायचं, ते. एका संध्याकाळी, म्हणजे तिथल्या सकाळी, तिचा फोन आला. हे कोरेगावच्या कारखान्यातून पहिली शिफ्ट करून आले होते, पडवीत माझ्या शिलाई मशिनीशेजारी चहा पीत होते. स्क्रीनवर पोरीचा चेहरा सुजलेला दिसला. कधीतरी गाडी जोरात चालवली म्हणून तिनं दंड भरला होता. तेवढ्यावरून तिथल्या सरकारनं कॉम्प्युटरमधली तिची नोंद बंद केली होती. नोंद बंद म्हणजे शिक्षण बंद, आणि गाशा गुंडाळून देश सोडायचा. असं तिच्या एकटीचं नाही, अनेक पोरांचं झालं होतं.

माझ्या हातातली कात्री खाली पडली. दोन वर्षांची मेहनत, वर्षभरावर आलेली पदवी आणि माझी पोर परक्या देशात एकटी.

"पण पप्पा, काही जण कोर्टात गेलेत," रश्मी म्हणाली. "जज्जनं काल सरकारला मनाई केली. या राज्यातल्या कुठल्याच विद्यार्थ्याला हात लावायचा नाही म्हणून."

"म्हंजी स्टे लागला!" हे ताडकन उठले.

"हो, स्टेच म्हणा."

त्या एका शब्दानं घात केला. यांना वाटलं, आता हा आपला विषय. पोरीला सांगायला लागले, की स्टे लागला की सरकार गप बसतं, मग ते दिल्लीचं असो नाहीतर अमेरिकेचं. रश्मी म्हणाली, "पण वकीलबाई म्हणतात, तूही केसमध्ये नाव घाल. त्या फुकट लढतायत. फक्त सही करायची."

"नाव?" यांचा चेहरा उतरला. "आजाबात न्हाई. सरकारच्या इरुद्ध केसमधी नाव? सम्राटचं काय झालं इसरलीस का?"

सम्राट म्हणजे माझे धाकटे दीर. एका बंदच्या दिवशी ते नुसते रस्त्याकडेला उभे होते. कुणीतरी आरोपींच्या यादीत नाव टाकलं. निर्दोष सुटले, पण सुटेपर्यंत तारखा घालून घालून जवानी गेली. पासपोर्ट अडला, दुबईची नोकरी हुकली. तेव्हापासून हे सोसायटीच्या अर्जावरसुद्धा दहादा विचार करून सही करतात. "एकदा नाव लागलं की निघत न्हाई," हे पोरीला म्हणाले. "स्टे हाय ना? मग आपल्याला काय करायचंय? त्यांनी लढावं, आपण शिकावं."

रश्मी 'बरं' म्हणाली. खरं सांगते, तिलाही भीती वाटत होती, आणि बापाचा नकार तिला सोयीचा वाटला. मी आई आहे, मला कळतं. हे दुसऱ्या दिवशी कारखान्यात पेढे घेऊन गेले. पोरीचा अमेरिकेत स्टे झाला म्हणून. लोकांना वाटलं, तिथं कायमची राहायची सोय झाली. त्यांनीही पेढे खाल्ले आणि अभिनंदन केलं. मला हसावं का रडावं ते कळेना.

पेढ्यांचा डबा संपला नसेल तोवर रश्मीचा पुन्हा फोन. सरकार वरच्या कोर्टात गेलं होतं. वरच्या कोर्टानं हुकूम पाळायला सांगितला, पण छाटून. जे कोर्टात आले, ज्यांची नावं केसमध्ये आहेत, त्यांच्यापुरताच. बाकीच्यांना सरकार पाहिजे ते करायला मोकळं.

"असं कसं?" हे चिडले. "सरकार कोर्टाच्या निकालाला बांधील हाय का न्हाई, तेवढं सांग."

"बांधील आहे ना. पण ज्यानं मागितलं त्याच्या बाबतीत. आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं नाव केसमध्ये आहे, तिला सरकार आता हात लावू शकत नाही. मी तिच्याच शेजारी बसते. माझं नाव नाही, म्हणून मला लावू शकतं."

"यकाच बाकावर दोन कायदे?"

"कायदा एकच आहे, पप्पा. मी दार वाजवलं नाही."

मग तिनं सांगितलं, की जज्जनं आणखी नावं जोडायला मुभा दिली आहे, गुरुवारी रात्री बारापर्यंत. तिथले बारा. कागद तयार होता, वकीलबाई बसून होत्या, हिनं सही करून पाठवायची तेवढी राहिली होती. मी म्हटलं, "घाल बाई, घाल नाव." तर हे माझ्या अंगावर आले. "तू गप! उद्या तिथल्या सरकारनं आकस धरला तर? नाव, पत्ता समदं जाहीर व्हतंय. वरचं कोर्ट चुकलंय, त्याच्याबी वर कोर्ट असंल. समद्यांना मिळंल."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"आपल्याला मिळालंच ना? दोन वर्सं झाली. हौसराव आप्पांनी आपली नावं घातली व्हती का? तरी घर उभं हाय का न्हाई?"

मी ज्या छपराखाली उभी राहून भांडत होते, तेच त्यांचा पुरावा होतं. रश्मी फोनवर म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवा आणि मला सांगा. पप्पा नाही म्हणतायत तोवर मी सही करत नाही." तीन दिवस मी भाकरी आदळायचे, हे मुकाट्यानं खायचे. बुधवारी मी पुन्हा विषय काढला, गुरुवारी पुन्हा. "न्हाई म्हंजी न्हाई," एवढंच. रात्री मला झोप लागली नाही. तिथला गुरुवार इथं शुक्रवारी सकाळी साडेनऊला संपणार होता.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास वस्तीच्या तोंडाला घरघर ऐकू आली. ऊसतोडीचा ट्रॅक्टर असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग शेजारच्या पुतळाबाई ओरडत आल्या, "सुरेखा, जेसीबी आला गं!"

बाहेर येऊन बघते तर पिवळं धूड आमच्या घरापुढं उभं. मागं खात्याची जीप, पोलीस, आणि विजेच्या खांबावर वीज तोडायला चढलेला वायरमन. पुतळाबाईंचं घर आमच्या लगतचं. दोन्ही घरांचे दर्शनी भाग रस्त्याला लागून. जीपमधून एक तरुण साहेब उतरला. हे दुसऱ्या शिफ्टला होते म्हणून घरीच. घाबरले नाहीत. आत गेले, खिळ्यावरचा कागद काढला, शर्टानं पुसला आणि ऐटीत साहेबाच्या हातात दिला.

"साहेब, ह्या कामावर स्टे हाय. कोर्टाचा हुकूम हाय. मशीन मागं घ्या."

साहेबानं कागद वाचला. चांगला वाचला, उगाच नजर फिरवली नाही. मग म्हणाला, "हा स्टे काल संपला. वादीनं दावा मागं घेतला. आणि संपला नसता तरी, वादी कोण आहे बघा. हौसराव. एकच नाव आहे. तुमचं नाव काय?"

"खंडू ओव्हाळ."

"दाखवा बरं यात कुठं आहे ते."

हे कागदाकडं बघत राहिले. दोन वर्षं तो कागद भिंतीवर होता आणि त्यात आपलं नाव आहे का, हे आम्ही कुणीही बघितलं नव्हतं.

हौसराव आप्पा त्यांच्या बांधावर उभे होते. हे तिकडं धावले, मी मागोमाग. "आप्पा, आवं काय केलं हे? स्टे काढला तुमी?"

आप्पा वाईट माणूस नाहीत. त्यांनी मान खाली घातली. "खंडू, त्यांनी रस्ता इकडून जरा वळवून दिला. हीर वाचली माझी. मंग भांडून काय करू?"

"वळवला तो आमच्या अंगावर वळवला ना!" मी ओरडले.

"सुरेखा, स्टे माझा व्हता, बाई. मी आणला, मी काढला. तुमी कवा म्हनला, आमची नावं घाला म्हणून?"

कुणीच म्हटलं नव्हतं. आमच्या सगळ्या वस्तीनं दोन वर्षं दुसऱ्याच्या विहिरीच्या भरवशावर झोप काढली होती. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात घराचा विचार नव्हताच. मला फक्त बाकावर बसलेली माझी पोर दिसत होती. मी फोन काढला. नऊ वाजून गेले होते.

रिंग गेली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साहेब म्हणत होता, सामान काढून घ्या, आज दर्शनी भागच पाडतोय, आतल्या खोल्यांचं नंतर बघू. वस्तीतली माणसं आमच्या पडवीतून मशीन, कापडाचे गठ्ठे, लोकांची अर्धी शिवलेली ब्लाउजं बाहेर आणून टाकत होती. मी खांद्यानं फोन कानाशी धरून मशिनीचं एक टोक उचललं. रिंग जातच होती. झोपली असेल का? रडून झोपली असेल. अगं ऊठ, रश्मी, ऊठ. मी बुद्धाला हाक मारली, बाबासाहेबांना मारली, माझ्या मेलेल्या सासूलासुद्धा मारली.

कितव्या वेळी कोण जाणे, पलीकडून आवाज आला. "आई?"

"अगं सही कर! आत्ताच्या आत्ता सही कर!"

"पप्पा काय म्हणाले? आणि हा आवाज कसला?"

"पप्पांना सोड, मी सांगती ना!"

"आई, पप्पांना दे. त्यांच्या तोंडून ऐकू दे. उद्या काही झालं तर त्यांनी तुला दोष देत बसलेलं मला नाही चालणार."

हे पडवीच्या मेढीला धरून उभे होते. कागद अजून हातातच. मी फोन त्यांच्यापुढं धरला. घेईनात. जेसीबीवाल्यानं मशीन चालू केलं आणि लोखंडी सुपडं वर उचललं.

"अहो, साडेनऊ व्हतील!" मी किंचाळले. "घर जाऊ द्या, पोरगी जातीय!"

यांनी फोन घेतला. "रश्मी," म्हणाले, "हितं पडवी पाडायला आलेत. आप्पांचा स्टे व्हता. आपला नव्हता. तू नाव घाल."

पलीकडं ती रडली की काय, मला ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "पप्पा, भीती वाटत असेल तर नुसती अक्षरं घालता येतात. आर. ओ. एवढंच. पूर्ण नाव झाकता येतं. वकीलबाईंनी तशी सोय ठेवलीय."

यांनी माझ्याकडं बघितलं. मग साहेबाकडं, मग हातातल्या कागदाकडं. इतकी वर्षं नाव लपवत आलेला माणूस, मला वाटलं आता 'अक्षरंच घाल' म्हणणार. मलाही तेच बरं वाटलं असतं.

"न्हाई," हे म्हणाले. "पूर्ण घाल. कुणी म्हणाया नको का नाव दिसत न्हाई. रश्मी खंडू ओव्हाळ. मधलं गाळू नको. माझं नाव मधी ऱ्हाऊ दे."

"नक्की?"

"व्हय म्हनलं ना! कर सही!"

फोन ठेवला आणि सुपडं खाली आलं. पत्रे दुमडले, मेढी काडकन मोडली, आणि मी जिथं पंधरा वर्षं बसून शिवण शिवलं ती जागा मातीखाली गेली. पुतळाबाई धाय मोकलून रडत होत्या, त्यांचीही पुढची भिंत जाऊन चूल उघड्यावर पडली होती. माझा डोळा मात्र फोनवर होता. धुरळ्यात मला स्क्रीन नीट दिसेना, पदरानं पुसून पुसून बघत होते. साडेनऊला दोन मिनिटं कमी असताना मेसेज आला. 'गेलं.' एवढाच एक शब्द. मी त्या ढिगावरच बसले आणि मग जी रडले ती रडले.

मंगळवारी संध्याकाळी रश्मीनं हुकुमाचा फोटो पाठवला. नवीन जोडलेल्या सगळ्या नावांना सरकारनं हात लावायचा नाही, नोंदी पुन्हा चालू करायच्या, निकाल लागेपर्यंत. यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि इंग्रजी अक्षर अक्षर जुळवत खाली गेले. शेवटून दुसरं नाव. आपल्या पोरीचं नाव सोडून त्यातल्या मधल्या शब्दावर बोट ठेवून बसले. "बघ," म्हणाले, "अमेरिकेच्या सरकारच्या इरुद्ध." मग लहान पोरासारखे हसले. किती दिवसांनी हसले.

तिचं निभावलं, पण आतल्या खोल्यांवर फुल्या नव्यानं मारल्या होत्या. बुधवारी सकाळी यांनी रजा टाकली आणि शिरूरला वकिलाकडं जायला निघाले. वकिलानं वस्तीतल्या सगळ्यांची नावं मागितली होती. चावडीवर जमावी तशी वस्ती आमच्या पडलेल्या पडवीपुढं जमली. पुतळाबाई म्हणाल्या, "खंडू, तू जाऊन आण स्टे. तुला मिळाला का आमालाबी झाला की."

यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "न्हाई व्हत!" असे गरजले की पुतळाबाई दोन पावलं मागं सरल्या. "ज्याचं नाव त्याचाच स्टे. नाव सांगा, काकी. पूर्ण सांगा."

"पुतळाबाई," म्हातारी म्हणाली.

"पूर्ण."

म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झाली, पण ते नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं सुचवलं, "उखाण्यात घ्या की." कुणी हसलं नाही. पुतळाबाईंनी पदर खाली केला, समोरच्या पडलेल्या चुलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पुतळाबाई भिमाजी ओव्हाळ."

यांनी लिहून घेतलं. मग मान वर न करताच विचारलं, "पुढचं?"

पुढं मीच उभी होते. लिहिता आलं असतं त्यांना, नाव काय माहीत नव्हतं का? पण ते पेन धरून थांबले. सगळी वस्ती ऐकत होती. एवढ्या मोठ्या तोंडाची मी, आणि आवाज फुटेना.

"सुरेखा," मी म्हणाले, आणि मग दौंडच्या फलाटावर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "सुरेखा खंडू ओव्हाळ!"